न सोसणाऱ्या अन्नाचा पडताळा

आपल्या घरांतून ‘मला अमुक सोसत नाही’ हे वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते. कोणी दूध सोडलेले असते, कोणी तुरीचे वरण, तर कोणी गव्हाची पोळी. का सोडले असे विचारता एखाद्या लग्नाच्या पंगतीनंतर झालेला त्रास, शेजाऱ्याचा सल्ला किंवा अलीकडे रक्ततपासणीचा छापील तक्ता पुढे केला जातो. अन्न सोडणे आपल्या समाजास अवघड नाही. त्यागाचे वळण बालपणापासूनच लागलेले असते. म्हणूनच एकदा संशयाने सोडलेला पदार्थ आपल्याकडे वर्षानुवर्षे सुटलेलाच राहतो. दुधाच्या बाबतीत याची किंमत मोठी आहे. मांस, मासे व अंडी न खाणाऱ्या कुटुंबास ब-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून मिळते ते मुख्यतः दूध-दह्यातून. ते बंद केले आणि त्याची भरपाई केली नाही, तर पुढे रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, स्मरणाची मंदता असे विकार उद्भवू शकतात. पोटातील वायू त्यापुढे क्षुल्लक म्हणावा लागेल. तेव्हा सोडण्यापूर्वी पडताळा कसा घ्यावा, एवढ्याच विषयाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. भुईमूग, तीळ, काजू किंवा दूध घेताच ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास कोंडणे ही वावडे असल्याची, म्हणजे ॲलर्जीची लक्षणे होत. असा पदार्थ घरी ‘करून पाहू’ म्हणून कदापि देऊ नये. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे. न सोसणे हे निराळे. त्यात पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात, आणि बहुधा प्रमाणाचा प्रश्न असतो: थोडे चालते, अधिक चालत नाही.

संशयित पदार्थ काही काळ वर्ज्य करून पुन्हा एकेक आणण्याची पद्धत अमेरिकेतील ओकलंडचे डॉ. आल्बर्ट रो यांनी १९२० नंतरच्या दशकात रूढ केली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. परंतु तिचे मर्म खरे कळते ते हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या अनुभवावरून. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे त्या देशात पाव मिळेनासा झाला. सर्वत्र उपासमार असता सीलिअॅक या आतड्याच्या विकाराची काही मुले मात्र सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. डिके यांचा गव्हावर आधीपासूनच संशय होता. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. गहू नसताना मुले सुधारली हा अर्धा पुरावा. गहू परत येता ती खालावली, तेव्हा तो पूर्ण झाला.

हा दुसरा अर्धा भागच आपल्याकडे राहून जातो, असे आमचे मत आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी चैत्र व आश्विन महिन्यांत शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवस आयंबिलची ओळी होते. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर व तळण या सहा विगई त्यात वर्ज्य. हिरव्या भाज्या व फळेही नाहीत. उकडलेले धान्य व कडधान्य एकवेळ घ्यावयाचे. दिगंबर परंपरेतील रसपरित्यागही याच जातीचा. ‘ओळीत माझे पोट अगदी हलके होते, म्हणजे मला दूध बाधते’ असे अनुमान आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. हे अनुमान टिकत नाही. नऊ दिवसांत दूध गेले तसे तूप गेले, तळण गेले, रात्रीचे जेवण गेले, चहाही गेला. आराम यांपैकी कोणत्या कारणाने पडला हे कसे कळावे? शिवाय गहू व डाळी तर चालूच राहिल्या. पारण्यानंतर सर्व पदार्थ दोन दिवसांत एकदम परत येतात, आणि हिशेब पुन्हा मिसळतो. तप निर्जरेसाठी आहे; त्यावर पोटाच्या चौकशीचे ओझे घालू नये. चौकशीसाठी साधे दिवस निवडावेत, ज्यांत पर्व नाही, लग्नसराई नाही आणि कापसाच्या हंगामाची धावपळही नाही.

रोजकीर्दीचा मेळ बसेना, तर मुनीम एकेक नोंद ताडून पाहतो. तसेच येथे करावे. पहिले एक-दोन आठवडे काहीही न सोडता केवळ वही ठेवावी: काय खाल्ले, किती, केव्हा, आणि त्रास कोणता व किती वेळाने. आमच्या अनुभवाने पुष्कळ गुपिते येथेच उघडी पडतात. ‘मी दूध घेतच नाही’ म्हणणारा गृहस्थ पेढीवर गिऱ्हाइकांबरोबर दिवसभरात आठ कप चहा घेतो. कपात ४० मिलिलिटर दूध धरले, तरी ३२० मिलिलिटर झाले, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम दुग्धशर्करा! वहीवरून ज्याचा संशय दृढ होईल तो एकच पदार्थ मग दोन ते चार आठवडे पूर्णपणे बंद करावा. काहीच फरक न पडला, तर तो निर्दोष समजून परत घ्यावा. फरक पडला, तर आणखी काही न बदलता तोच पदार्थ परत आणावा: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी अधिक, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. त्रास झाल्यास थांबून, पोट निवल्यावर एकवार पुन्हा पाहावे. एकदा झालेला त्रास योगायोगाचाही असू शकतो.

मनाचा प्रभाव येथे मोठा असतो. १९९५ साली अमेरिकेत, आपणांस दूध मुळीच सोसत नाही असे सांगणाऱ्या ३० जणांना रोज न्याहारीबरोबर २४० मिलिलिटर दूध देण्यात आले. एका आठवड्यात साधे, दुसऱ्यात दुग्धशर्करा काढलेले, आणि कोणते कधी हे त्यांना सांगितले नाही. दोन्ही आठवड्यांतील त्रासात नाममात्रच अंतर आढळले. दुग्धशर्करारहित दूध आता आपल्या बाजारातही मिळते. तेव्हा घरातील दुसऱ्या कोणी न सांगता आलटूनपालटून देऊन हा प्रयोग करण्यास अडचण नाही.

अर्थात दूध खरोखर न पचणारे लोक पुष्कळ आहेत. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीत सुमारे २७ टक्के, तर त्रिवेंद्रम व पाँडिचेरी येथे सुमारे ६६ टक्के लोकांत दुग्धशर्करा न पचण्याचा दोष आढळला. प्रौढपणी दूध पचविणारा आनुवंशिक गुण वायव्येकडून आग्नेयेकडे विरळ होत जातो. आदिलाबादेत राजस्थान-गुजरातेतून आलेली घराणी, मराठी, तेलुगू व गोंड लोक शेजारी शेजारी राहतात; एकाच दुकानातील शेटजी व दिवाणजी यांचे पोट सारखे असेलच असे नाही. ज्यांना दूध सोसत नाही, त्यांनाही बहुधा ताक-दही चालते, तुपात तर दुग्धशर्करा जवळजवळ नसतेच. आपली मर्यादा कळली की दूध समूळ सोडण्याचे कारण राहत नाही.

गव्हाविषयी मात्र क्रम उलटा. सीलिअॅकचा संशय असल्यास गहू बंद करण्याआधी रक्ततपासणी करवावी. बंद केल्यावर ती तपासणी फसवी ठरू शकते. (‘आयजीजी’ नावाने शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्या निराळ्या, त्यांवरून अन्न सोडू नये, असे युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच स्पष्ट केले आहे.) तपासणीनंतर गहू सोडणे आपल्या भागात कठीण नाही, कारण ज्वारीची भाकरी घरचीच. पण ज्या गिरणीत गहू दळला जातो तेथेच ज्वारी दळली, तर पिठात गहू येतो. आणि किराण्याच्या व्यापाऱ्यांना ठाऊकच आहे की बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. चिमूटभर हिंगाची फोडणी रोजच्या वरणात पडते आणि गृहिणी म्हणते, गहू तर घरात आणलाच नाही! डब्यावरील घटक वाचावेत. २०२० च्या अन्नविषयक नियमांनुसार बंद पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्य, दूध, सोयाबीन, शेंगदाणे इत्यादींचा उल्लेख आवश्यक आहे. सुटा माल विकणाऱ्या सभासदांनी विचारणाऱ्यास हे स्वतः सांगावे.

वर्ज्य-काळ लांबवू नये. एकाच धान्यावर राहण्याचे परिणाम आपल्या प्रदेशाने पाहिले आहेत: केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतील पेलाग्रा या रोगाचा अभ्यास डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास हैदराबादेतच केला होता. मुले, गर्भवती व स्तनदा स्त्रिया आणि मधुमेहाची औषधे घेणारे यांनी डॉक्टरांवाचून हा प्रयोग करू नये. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप येणे, रात्री झोपेतून उठविणारी कळ ही लक्षणे असता तर वही ठेवीत बसू नये; त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इतरांनी डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्यावी. तारीखवार लिहिलेली दोन पाने पुढे ठेवली, म्हणजे ‘काहीतरी बाधते’ या मोघम तक्रारीपेक्षा त्यांना पुष्कळ अधिक कळते.