चुंबकीय क्षेत्र मोजू या
साहित्य : ए१३०२ हॉल सेन्सर, ७८०५ रेग्युलेटर, ९ व्होल्टची बॅटरी, मल्टिमीटर.

सेन्सरची छापील बाजू आपल्याकडे ठेवून पाय डावीकडून मोजा. पहिल्याला रेग्युलेटरचे ५ व्होल्ट द्या. सेन्सर व रेग्युलेटर दोन्हींचा मधला पाय बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. तिसऱ्या व मधल्या पायांतील व्होल्टेज मल्टिमीटरवर वाचा.

चुंबक दूर असताना सुमारे २.५ व्होल्ट दिसतील; तेच आपले शून्य. पुढे दर १.३ मिलिव्होल्ट फरक म्हणजे १ गॉस. वाचन २.५० वरून २.७६ झाले, तर २६० ÷ १.३ = २०० गॉस.

पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस. आपल्या मापकाला ते जाणवतही नाही, पण होकायंत्राची सुई त्याच्याच जोरावर फिरते. म्हणून बेअरिंग घेताना रायफल दूर ठेवा, नाहीतर सुई भलतीच उत्तर दाखवेल.