लोकनेते दि. बा. पाटील : आमदार नेमकं काय करतो?

आमदार विधानसभेत निवडून जातो आणि कायदे करतो, हे नागरिकशास्त्रात आपण पाठ करतो. पण त्याच्या कामाने लोकांच्या आयुष्यात फरक काय पडतो? त्यासाठी आपल्या नवी मुंबईचंच उदाहरण बघूया.

जीवन परिचय :
दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई गावी झाला. लोक त्यांना 'दिबा' म्हणत. ते वकील होते. शेतकरी कामगार पक्षातर्फे १९५७, १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० असे पाच वेळा ते पनवेलमधून आमदार झाले. विधानसभेत ते विरोधी पक्षनेते होते. १९७७ आणि १९८४ मध्ये ते लोकसभेवरही निवडून गेले.

प्रश्न काय होता?
नवं शहर वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी ठरल्या. भातशेती आणि मिठागरं यांवर इथल्या आगरी, कोळी व इतर कुटुंबांचं पोट चालायचं. शेतकऱ्याला जमिनीचे पैसे एकदाच मिळणार. पण रस्ते, इमारती झाल्यावर त्याच जमिनीचा भाव कितीतरी पट वाढणार. मग त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा नको का? दिबांचा मुद्दा हाच होता.

जासईचा लढा :
हा मुद्दा त्यांनी सभागृहात मांडला आणि रस्त्यावरही लढवला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाटा आणि नवघर येथे आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. दरवर्षी जानेवारीत तिथे त्यांना अभिवादन केलं जातं.

फळ काय मिळालं?
या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून शेतकऱ्याला परत द्यायची. हिशोब करून बघा : एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे, म्हणजेच आठवा हिस्सा. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही भाग वजा होतो. आकडा छोटा वाटतो, पण शहरातली हक्काची जागा त्यामुळे अनेक घरांना मिळाली. काहींना मात्र त्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले.

२४ जून २०१३ रोजी दिबांचं निधन झालं. नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव द्यावं, असा ठराव २०२२ मध्ये विधानसभेने केला. ज्या सभागृहात ते शेतकऱ्यांसाठी बोलले, त्याच सभागृहाने हा ठराव केला, हे लक्षात ठेवा.

म्हणून आमदाराचं काम मोजताना तो किती वेळा निवडून आला एवढंच बघू नका. लोकांचं दुखणं त्याने सरकारी नियमापर्यंत पोहोचवलं का, तेही विचारा.

स्वाध्याय :
१) १०० गुंठे जमीन गेली, तर साडेबारा टक्क्यांनी किती गुंठे होतात?
२) तुमच्या गावात किंवा नोडमध्ये पूर्वी काय पिकत होतं? आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहा.
३) तुमच्या मतदारसंघाच्या आमदारांना तुम्ही कोणता एक प्रश्न विचाराल?