झाडू, कीर्तन आणि धर्मशाळा
(गाडगे महाराजांच्या समाजकार्याचा एक विचार)

गाडगे महाराजांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका हातात मातीचे गाडगे आणि दुसऱ्या हातात झाडू. शाळेच्या भिंतीवर हेच चित्र, ग्रामपंचायतीच्या कचेरीतही हेच. राज्य शासनाने २०००-०१ साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा त्या अभियानाची खूणही साहजिकच झाडू हीच झाली. परंतु महाराजांच्या हातात केवळ झाडूच होता काय? त्यांच्या कार्यातून झाडू तेवढा उचलून बाकीचे बाजूला ठेवले तर काय उरते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही, तो आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पडला. सात दिवसांचे शिबिर होते. तिसऱ्या दिवशी आम्ही गावाच्या कडेची वस्ती झाडावयास घेतली. महाराजांचे चित्र असलेला फलक मागे धरून छायाचित्रही काढून झाले. ओट्यावर बसलेली एक म्हातारी बराच वेळ आमच्याकडे पाहत होती. शेवटी ती मला म्हणाली, "आमी तं रोजच झाडतो वो पोरी, आमचा फोटू कोनं काढला?" तिच्या आवाजात राग नव्हता. पण माझ्या हातातला खराटा मला एकदम जड वाटू लागला. तिच्या घरात पिढ्यानपिढ्या झाडू होता, तो जातीने दिलेला होता. माझ्या हातात तो सात दिवसांपुरता होता.

आता महाराजांच्या चरित्राकडे वळू. डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी लवकर गेले. डेबूजी मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आजोळी वाढले. तेथे गुरे राखली, शेती केली, आणि सावकाराच्या कर्जात मामांची जमीन कशी जाते हेही पाहिले. दारू, कर्ज आणि अज्ञान हे तीन शत्रू त्यांना घरातच भेटले होते. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचे जेवण घालण्याची रूढी त्यांनी मोडली, ती या अनुभवातूनच. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले.

त्यांच्या कार्याची पहिली पायरी झाडू ही होय. गावात शिरताच ते कोणाशी न बोलता रस्ता, देवळाचा परिसर, नदीचा घाट झाडावयास लागत. हा कोण वेडा, म्हणून लोक जमत. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या समाजात झाडणे हे काही जातींच्या माथी मारलेले काम होते, तेथे कोणी न सांगता, मोबदला न घेता ते काम करणारा माणूस त्या कामावरचा जातीचा शिक्काच पुसू पाहत होता. लोकांनी पैसे देऊ केले तर ते गावाच्याच कामाला लावावे असा त्यांचा आग्रह असे.

दुसरी पायरी कीर्तनाची. दिवसा गाव झाडले की रात्री कीर्तन. दिवसा गावातील घाण काढावयाची आणि रात्री मनातील, असे त्याचे वर्णन करतात ते यथार्थ आहे. मात्र हे कीर्तन परंपरेतले नव्हते. महाराज वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे श्रोत्यांकडूनच वदवून घेत. देव नवसाच्या बकऱ्याला भुलतो काय? कर्ज काढून सण करणाऱ्याच्या घरी पुढे काय होते? ताट नसले तर भाकरी हातावर घ्या, पण मुलाला शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे तर सर्वश्रुतच आहे. मध्येच नामाचा गजर होई आणि हजारो कंठ एका लयीत येत. मग पुन्हा प्रश्न. ध्यान म्हटले की आपल्यापुढे डोळे मिटून एकांतात बसलेला साधक येतो. परंतु अख्ख्या गावाने एकत्र बसून स्वतःच्या वागण्याकडे पाहणे हेही एक चिंतनच नव्हे काय? या चिंतनात उपदेशकर्ता वर आणि श्रोता खाली अशी उतरंड नव्हती. महाराज कोणाला पाया पडू देत नसत, कोणाला शिष्य करीत नसत, आणि कीर्तन संपले की जयजयकार होण्याआधीच गाव सोडीत.

या चिंतनाने स्वतः महाराजांनाही आधार दिला असला पाहिजे. १९२३ साली त्यांचा तरुण मुलगा गोविंद वारला. ती बातमी कोकणात कीर्तन चालू असताना त्यांना कळली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे सांगतात. या प्रसंगाकडे वैराग्याचा नमुना म्हणून पाहण्याची रीत आहे. मला तो थोडा निराळा वाटतो. आपले दुःख घेऊन कोठे तरी एकटेच जाण्याऐवजी हा बाप माणसांतच उभा राहिला. समोर बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरी असे मरण येऊन गेले असेल!

तिसरी पायरी धर्मशाळेची, आणि आपण सर्वांत जास्त विसरलो आहोत ती हीच. ऋणमोचन येथे पूर्णेच्या काठी त्यांनी घाट बांधविला. नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. अंध, पंगू, कुष्ठरोगी यांच्यासाठी अन्नछत्रे चालविली. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना उतरावयास जागा मिळत नसे, म्हणून तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. मोठमोठ्या इमारती उभारणाऱ्या या माणसाने स्वतः मात्र त्यांत कधी संसार थाटला नाही. बांधलेले सर्व त्यांनी संस्थेच्या हवाली केले आणि १९५२ साली गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. आजही मुंबईत दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग राहतात. औषध रुग्णालयात मिळते. परंतु खेड्यातून आलेल्या रोग्याला रात्री पाठ टेकावयास जागा, दोन घास अन्न आणि शेजारी तशाच दुखण्याचा कोणी सोबती लागतो. हाही उपचाराचाच भाग आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. झाडून, कीर्तन करून आणि धर्मशाळा बांधून अन्याय संपतो काय? हा आक्षेप रास्त आहे. जमिनीचा, हक्काचा, कायद्याचा लढा महाराजांनी लढला नाही. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढला. पण या दोघांना परस्परांचे मोल ठाऊक होते. १९४९ साली महाराजांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंचा निवारा विद्यार्थ्यांच्या कामी आला. बाबासाहेबही केवळ कायद्यावर थांबले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखोंना धम्माची दीक्षा दिली. हक्क मिळाला तरी शतकांच्या अपमानाने दुखावलेले मन उभे राहण्यासाठी विचार आणि संघ दोन्ही हवेत, हे त्यांनी जाणले होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक महाराजांनी देह ठेवला.

केवळ कायदा पुरत नाही याचा पुरावा आजही डोळ्यांपुढे आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. तरीही गटारात उतरून माणसे मरतात, आणि त्यांच्या वारसांना द्यावयाची भरपाई ३० लाख रुपये करण्याचा आदेश २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. कायदा कागदावर आहे. पण हे काम त्यांचेच, ही समजूत आपल्या मनातून गेलेली नाही. ती काढावयास रात्रीचे कीर्तनच हवे, मग त्याला आपण नाव काहीही देऊ.

शिबिराची गोष्ट अर्धी राहिली. चौथ्या रात्री शाळेच्या खोलीतील आमचे बौद्धिक आम्ही सरांच्या परवानगीने त्या वस्तीतल्या ओट्यावर नेले. भाषण कोणाचेच ठेवले नाही. प्रथम कोणी बोलेना. मग म्हातारीनेच सांगितले की तिचा मुलगा शहरात गटारे साफ करतो, आणि तो येईपर्यंत तिला रात्री झोप येत नाही. तिच्यामागून दुसरी बोलली, मग तिसरी. नळ वस्तीच्या अलीकडेच का थांबला, हेही त्याच रात्री निघाले. आम्ही त्यांच्यासोबत बसून ग्रामपंचायतीला द्यावयाचा अर्ज लिहिला. नळ अजून आलेला नाही. परंतु पाचव्या दिवशी आम्ही त्या वस्तीत गेलो तेव्हा आम्हाला तेथील माणसांची नावे ठाऊक होती, आणि म्हातारीने आमच्यासाठी चहा ठेवला होता. तो आम्ही सर्वांनी तिच्या घरात बसून घेतला.

विद्यार्थी मित्रांना आणि गुरुजनांना एवढीच विनंती की पुढच्या शिबिरात दिवसाच्या श्रमदानाइतकाच वेळ रात्रीच्या बैठकीसाठी राखावा, आणि शिबिर संपल्यावरही त्या गावी निदान महिन्यातून एकदा जावे. आमचा तो अर्ज अजून ग्रामपंचायतीत पडून आहे. त्याचा पाठपुरावा करावयास येत्या रविवारी आम्ही चौघी जाणार आहोत. सोबतीला कोणी आले तर हवेच आहे.