आतील आडभिंतींच्या मालाचा अंदाज

पेढीच्या दालनात आडभिंत घालून मुनीमजींच्या बैठकीस स्वतंत्र खोली करण्याची चाल आता सर्वत्र रूढ झाली आहे. अशी भिंत बहुधा विटांची नसून जिप्सम बोर्डाची असते. मधे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, दोन्ही अंगांस बोर्डाचे तक्ते आणि पोकळीत उष्णता व आवाज अडविणारी लोकर, अशी तिची रचना असते. हा माल किती लागेल, हे मालकास स्वतः मांडता आले नाही तर कंत्राटदाराचे अंदाजपत्रक डोळे मिटून मान्य करावे लागते. म्हणून सभासद बंधूंसाठी एक उदाहरण सोडवून दाखवितो.

दालनात २४ फूट लांब व १० फूट उंच आडभिंत घालावयाची आहे. दोन्ही खोल्यांना ओसरीकडून दारे आहेत. म्हणून भिंतीत दार नाही. एका अंगाचे क्षेत्रफळ २४० चौरस फूट, दोन्ही अंगांचे ४८०. बाजारातील नेहमीचा तक्ता ६ × ४ फुटांचा, म्हणजे २४ चौरस फुटांचा. भागाकार केला असता २० तक्ते येतात. हिशेब बिनचूक आहे, तरी माल अपुरा पडेल.

कारण असे की, धान्य रास करून मापता येते. एका पोत्यातील उरले ते दुसऱ्यात भरता येते. तक्त्याचे तसे नाही. तो ज्या आकाराचा कापला त्याच आकाराचा तुकडा उरतो. म्हणून भागाकारावर न थांबता चौकटीच्या कागदावर तक्ते मांडून पाहावेत.

तक्ते उभे लावले तर पहिल्या अंगास ४ फुटांचे ६ रकाने होतात. प्रत्येक रकान्यात एक अखंड तक्ता आणि उरलेल्या ४ फूट उंचीसाठी दुसऱ्यातून कापलेला तुकडा, असे १२ तक्ते झाले. दोन्ही अंगांचे उभे सांधे एकाच पट्टीवर येऊ नयेत, म्हणून दुसऱ्या अंगाचा आरंभ २ फुटी रकान्याने करावा. म्हणजे मधे ५ पूर्ण रकाने व दोन्ही टोकांस २ फुटी रकाने येतात. पाच रकान्यांना १० तक्ते. एक तक्ता उभा चिरून टोकांचे खालचे भाग होतात, आणि वरच्या भागांस आधी उरलेले २ × ४ चे दोन तुकडे पुरतात. एकूण २३ तक्ते झाले. फुटतुटीसाठी एक धरून २४ मागवावेत. आडवे सांधेही एका रेषेत नसावेत. एका रकान्यात अखंड तक्ता खाली, तर शेजारच्यात वर घ्यावा.

उभ्या पट्ट्या दर २ फुटांवर असतात. २४ फुटांत १२ गाळे पडतात, परंतु पट्ट्या १३ लागतात. शेवटची एक विसरू नये. जमिनीवरील व छतालगतची चॅनेल मिळून ४८ फूट.

लोकरीचा हिशेब निराळा आहे. बोर्ड दोन अंगांस लागतो, पण पोकळी एकच. म्हणून लोकर २४० चौरस फुटांचीच धरावी. अंदाजपत्रकात ४८० दिसल्यास खुलासा मागावा. बाजारात जिला रॉकवूल म्हणतात तिची नेहमीची लादी १ मीटर × ६० सेंटिमीटर असते. १० फूट म्हणजे सुमारे ३ मीटर ५ सेंटिमीटर. प्रत्येक गाळ्यात ३ याप्रमाणे ३६ लाद्या, वरच्या ५ सेंटिमीटरच्या बारा पट्ट्यांसाठी १ आणि राखीव १, मिळून ३८. वरची फट तशीच सोडू नये. तीतून आवाज पलीकडे जातो. लोकर हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत व नाकातोंडावर फडके बांधावे.

दर ठरविताना तो भिंतीच्या एका अंगाचा की दोन्ही अंगांचा, हे लेखी घ्यावे. चौरस मीटरचा दर चौरस फुटाशी ताडताना १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट हे स्मरणात असावे.

१२.५ मिलिमीटर जाडीचा असा तक्ता सुमारे १८ ते २० किलोंचा भरतो. २४ तक्ते म्हणजे साडेचार क्विंटलांच्या आसपास. पोत्यांप्रमाणेच तेही लाकडी फळ्यांवर, आडवे व कोरड्या जागी ठेवावेत. ओल लागलेला साधा बोर्ड मऊ पडतो व निकामी होतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही भिंत आडोशासाठी आहे, भार पेलण्यासाठी नाही. तिला टेकून पोत्यांची थप्पी कधीही लावू नये. थप्पी कलली तर ही भिंत तिला अडविणार नाही, आणि पलीकडे आपलीच माणसे बसलेली असतात. थप्पी व भिंत यांमध्ये माणूस सहज चालेल इतकी वाट राखावी, आणि ती वाट भिंतीच्या नकाशातच आखून घ्यावी.