नवा शिक्षक आणि पहिली तीन वर्षे

वैद्यकीय पदवी घेणारा विद्यार्थी एक वर्ष रुग्णालयात अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतो. नवा वकील ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली राहतो. नव्या शिक्षकाच्या हाती मात्र पहिल्याच दिवशी हजेरीपट आणि खडू येतो. वीस वर्षे शिकविलेल्या माणसाचे आणि त्याचे काम त्या दिवसापासून सारखेच असते.

महाराष्ट्रात 2000 साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली. तीनुसार नवनियुक्त शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर काम करतो. 2023 मध्ये हे मानधन वाढून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 व उच्च माध्यमिकला 20,000 रुपये झाले. परंतु चर्चा होते ती मानधनाची. या तीन वर्षांत त्याला शिकवायला कोण शिकवतो, हा प्रश्न मागेच राहतो.

चार दिवसांच्या उद्बोधन वर्गाने हे काम होईल काय? अमेरिकेत इंगरसोल व स्ट्राँग यांनी 2011 साली पंधरा अभ्यासांचा आढावा घेतला. आरंभी आधार मिळालेले शिक्षक नोकरीत अधिक टिकतात, वर्ग चांगला सांभाळतात व त्यांचे विद्यार्थीही पुढे जातात, असे त्यांतील बहुतेक अभ्यासांत आढळले. तेथील शिक्षण खात्याच्या 2010 च्या पाहणीत मात्र एक वर्षाच्या जादा मदतीने फरक दिसला नाही. दोन वर्षे मदत मिळालेल्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगती तिसऱ्या वर्षी दिसून आली. म्हणजे आधार हवा, आणि तो पुरेसा काळ हवा. इंग्लंडमध्ये 2021 पासून नव्या शिक्षकाला दोन वर्षे अनुभवी मार्गदर्शक मिळतो. शिवाय पहिल्या वर्षी दहा टक्के व दुसऱ्या वर्षी पाच टक्के तासिका कमी असतात.

आपल्याकडे अडचण आहे. दोनशिक्षकी शाळेत मार्गदर्शक आणायचा कोठून? पण केंद्रातील एखाद्या मुरलेल्या शिक्षकाने पंधरवड्यातून एकदा नव्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसावे व नंतर मोकळेपणाने बोलावे, एवढे तरी शक्य आहे. मात्र ती तपासणी नसावी. शेरा लिहिणाऱ्यापुढे कोणीही आपली अडचण सांगत नाही.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. ज्या घरी आईवडील अभ्यास घेऊ शकतात, तेथे वर्गात राहिलेले घरी भरून निघते. आमच्यासारख्यांचे शिक्षण वर्गातच घडते किंवा बिघडते. नवशिक्या शिक्षकाच्या चाचपडण्याची किंमत आधी अशी मुले मोजतात.

आपल्यापैकी कित्येकजण उद्या बी. एड. करून शाळेत जातील. शिक्षणसेवकाची तीन वर्षे आज कसोटीची आहेत. ती शिकण्याचीही व्हावीत, एवढीच अपेक्षा.