दाखला आणि दाखिला : संगणक रकाने कसे जुळवतो?



शाळेतील मुलाची माहिती आता एकाच वहीत राहत नाही. प्रवेश नोंदवहीतून ती परीक्षेच्या यादीत आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात जाते. 2022-23 पासून यू-डायस प्लसवरही प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद होऊ लागली. अशा वेळी पहिला प्रश्न हा, की इकडचा कोणता रकाना तिकडच्या कोणत्या रकान्यात जाणार? जिथून माहिती घ्यायची तो स्रोत, जिथे भरायची ते लक्ष्य आणि या जोडणीला म्हणतात मॅपिंग. दहा रकाने हाताने जुळवता येतात. शेकडो असले की हे काम संगणकाकडे सोपवतात. त्यासाठी तो मुख्यतः तीन कसोट्या लावतो.

1. स्थान. पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. एसक्यूएलमधील युनियन ही आज्ञा असेच जुळवते, नावे पाहत नाही. मध्येच एक रकाना वाढला, की पुढचे सगळे सरकतात.

2. नाव. शीर्षके तंतोतंत सारखी नसली, तर किती अक्षरे बदलावी लागतील हे मोजतात. हे अंतर मोजण्याची रीत सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी 1965 साली मांडली. हिंदीतील ‘नाम’ आणि मराठीतील ‘नाव’ यांत एकाच अक्षराचे अंतर आहे, म्हणून जोडी जुळते.

3. मजकूर. रकान्यात बारा अंकी संख्या असतील तर आधार क्रमांक असावा, दहा अंकी असतील तर मोबाइल, असा तर्क केला जातो.

आता आपल्यासारख्या दुभाषी शाळेची अडचण पाहा. ‘पिता’ आणि ‘वडील’ यांचा अर्थ एक, पण अक्षर एकही जुळत नाही. उलट ‘पिता’ आणि ‘माता’ अक्षरांनी जवळचे! यावर उपाय म्हणून समानार्थी शब्दांची यादी संगणकाला आधीच देतात.

याहून फसवी जोडी ‘दाखिला’ आणि ‘दाखला’ ही आहे. हिंदीत दाखिला म्हणजे शाळेत प्रवेश, मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. शाळेत बहुधा शाळा सोडल्याचे. फरक एका वेलांटीचा! दोन्ही रकान्यांत तारखाच असल्याने प्रकार तपासूनही चूक कळत नाही. मग प्रवेशाची तारीख शाळा सोडल्याची तारीख होऊन बसेल. मात्र मजकूर नीट पाहिला तर खूण सापडते : शिकत असलेल्या मुलांच्या यादीत शाळा सोडल्याची तारीख कोरी असते.

म्हणून चांगली साधने जोडी सुचवतात आणि खात्री किती, तेही सांगतात. मंजुरी माणसाने द्यायची. पाच-दहा नोंदी मूळ वहीशी ताडून पाहायच्या, मगच सगळी माहिती पाठवायची. एकदा तपासलेली जोडणी जपून ठेवली, तर पुढच्या वर्षी तीच कामी येते.

पालकांना आमची विनंती आहे, की शाळेकडून तपासणीसाठी आलेला तक्ता न वाचता सही करून परत पाठवू नये. आपल्या मुलाची जन्मतारीख आणि नाव आपल्याइतके कोणताही संगणक ओळखत नाही.

स्वाध्याय : हिंदी आणि मराठीत दिसायला जवळचे, पण अर्थाने वेगळे असे पाच शब्द शोधा. प्रत्येक जोडीत किती अक्षरांचे अंतर आहे, ते मोजून लिहा.