जमीननोंदींचे स्थलांतर : तक्त्यांचा क्रम आणि त्याचे महत्त्व

बेळगाव तालुक्यात कंग्राळी नावाची दोन गावे आहेत. एक कंग्राळी बुद्रुक आणि दुसरे कंग्राळी खुर्द. भूमापन क्रमांक प्रत्येक गावी स्वतंत्रपणे दिले जात असल्याने केवळ 'कंग्राळीचा सर्वे नंबर ४५' एवढ्यावरून शेत कोणते, हे ठरत नाही. जुन्या कागदी दप्तरात यामुळे अडचण येत नसे, कारण प्रत्येक गावाचे बाड निराळे बांधलेले असे. संगणकात मात्र शेकडो गावांच्या नोंदी एकाच तक्त्यात एकाखाली एक बसतात. तेथे गाव आणि क्रमांक यांची जोडी तुटली, की शेत हरवले असेच समजावे.

हा प्रदेश १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि येथील जमिनीचे दप्तर त्या राज्याच्या पद्धतीने लिहिले जात असे. पुढे तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. कर्नाटकाच्या महसूल खात्याने 'भूमी' या योजनेखाली सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर घेतले. त्यामुळे उतारा मिळणे सोपे झाले. परंतु संगणकातील नोंदीही एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्याव्या लागतात. यंत्र जुने होते. सुरक्षिततेसाठी नक्कल ठेवावी लागते. क्वचित तालुकाही बदलतो. चिकोडी तालुक्यातून निपाणी हा वेगळा तालुका २०१८ साली अस्तित्वात आला. अशा वेळी काही गावांच्याच नोंदी वेगळ्या काढून नव्या ठिकाणी भरण्याचा प्रश्न उद्भवतो. हे काम कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

तक्त्यांमधील नाते

अभ्यासासाठी पाच तक्ते घेऊ. प्रत्यक्षातील रचना याहून पुष्कळ मोठी असते, परंतु तत्त्व तेच असते.

१. गाव : संकेतांक व नाव.
२. खातेदार : खाते क्रमांक, नाव व गावाचा संकेतांक.
३. शेत : गावाचा संकेतांक, भूमापन क्रमांक, हिस्सा व क्षेत्र.
४. फेरफार : फेरफार क्रमांक, तारीख, कारण व ज्या शेताविषयी तो आहे त्याची खूण.
५. धारणा : कोणत्या खातेदाराकडे कोणते शेत, कोणत्या फेरफाराने आले.

प्रत्येक ओळीस ओळखणारा जो क्रमांक असतो त्यास प्रायमरी की म्हणतात. दुसऱ्या तक्त्यातील ओळीकडे बोट दाखविणाऱ्या रकान्यास फॉरेन की म्हणतात. ज्याच्याकडे बोट दाखविले तो आधारतक्ता आणि ज्याने दाखविले तो आश्रित तक्ता होय. आधार नसलेली आश्रित ओळ संगणक स्वीकारीत नाही. नोंदी तक्त्यांत मांडून त्यांचे संबंध मूल्यांनी जोडण्याची ही पद्धत ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडली आणि आज जगभर बहुतेक कचेऱ्यांचे व बँकांचे हिशेब याच पद्धतीने ठेवले जातात.

कंग्राळीच्या उदाहरणावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली अशी, की शेताची खूण गाव, भूमापन क्रमांक व हिस्सा अशी संयुक्त असली पाहिजे. दुसरी अशी, की ओळख नावावर ठेवू नये. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जेथे नावच ओळख म्हणून वापरलेले असेल तेथे अशा बदलाने प्रत्येक आश्रित ओळ दुरुस्त करावी लागते. संकेतांक असल्यास एकच ओळ बदलून काम भागते.

भरण्याचा क्रम

आधारतक्ता आधी, आश्रित तक्ता नंतर, हा भरण्याचा नियम होय. पुसण्याचा क्रम याच्या उलट असतो. तक्ते पाच असतील तर क्रम नजरेने ठरतो. शंभर असतील तर रीत लागते. ए. बी. कान यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेली रीत कागदावरही करता येते.

प्रत्येक तक्ता किती तक्त्यांवर अवलंबून आहे ते लिहावे. गाव शून्य, खातेदार एक, शेत एक, फेरफार एक आणि धारणा तीन. ज्याचा आकडा शून्य तो प्रथम घ्यावा व त्यावर अवलंबून असलेल्यांचा आकडा एकाने कमी करावा. गाव घेतल्यावर खातेदार व शेत शून्यावर येतात. ते दोन्ही घेतले, की फेरफार शून्यावर येतो आणि धारणेचा आकडा एक उरतो. फेरफार घेतल्यावर शेवटी धारणा. क्रम पूर्ण झाला.

चक्र पडल्यास

समजा, सोयीसाठी शेताच्या तक्त्यात 'शेवटचा फेरफार' हा रकाना जोडला. आता शेत फेरफारावर आणि फेरफार शेतावर अवलंबून झाला. वरील रीत लावल्यास गाव व खातेदार निघतात, परंतु पुढे कोणताच आकडा शून्य होत नाही. आकडेमोड अशी अडणे, हीच चक्राची खूण समजावी.

यावर दोन उपाय आहेत. 'शेवटचा फेरफार' हा रकाना रिकामा ठेवून आधी शेते भरावीत, मग फेरफार भरावेत आणि नंतर तो रकाना पूर्ण करावा. अर्थात त्या रकान्यास रिकामे राहण्याची मुभा हवी. दुसरा उपाय तपासणी पुढे ढकलण्याचा. ओरॅकल व पोस्टग्रेस्क्यूएल यांत निर्बंध तसा घातलेला असल्यास प्रत्येक ओळीस न तपासता संपूर्ण व्यवहाराच्या अखेरीस तपासणी होते.

एखादा तक्ता स्वतःवरही अवलंबून असतो. सर्वे नंबर ४५ फोडून ४५/१ व ४५/२ झाले, तर हिश्शांच्या ओळी मूळ ४५ कडे बोट दाखवितात. येथे तक्त्याच्या आतही मूळ शेत आधी व हिस्से नंतर, हा क्रम पाळावा.

तपासणी बंद करण्याचा मोह

काम लवकर उरकण्यासाठी तपासणीच बंद करून ओळी भरण्याची सोय अनेक प्रणालींत असते. ती उपयोगी आहे, पण तिचा धोका ओळखला पाहिजे. मायएसक्यूएलमध्ये तपासणी पुन्हा सुरू केली तरी मध्यंतरी शिरलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये निर्बंध पुन्हा लावताना जुन्या ओळीही तपासाव्यात असे स्पष्ट सांगावे लागते. अन्यथा तो निर्बंध अविश्वसनीय म्हणून नोंदला जातो. पोस्टग्रेस्क्यूएलची संपूर्ण नक्कल परत भरताना आधी ओळी भरल्या जातात व नंतर फॉरेन की लावल्या जातात; त्यामुळे आधार नसलेली ओळ तेथेच उघडी पडते.

अशी एखादी ओळ निसटली तर काय घडते? वडिलांच्या पश्चात वारसा लावण्यास एखादी मुलगी कचेरीत जाते. खाते आहे, शेत आहे, पण दोहोंना जोडणारी धारणेची ओळ भलत्याच खात्याकडे बोट दाखवीत आहे. उताऱ्यावर वडिलांचे नाव उमटत नाही. पेरणीच्या तोंडावर सोसायटीचे कर्ज अडते, आणि जमीन आपलीच आहे हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर येतो. चूक यंत्रातील असते, हेलपाटे मात्र माणसास पडतात.

काढताना घ्यावयाची काळजी

१. सर्व तक्ते एकाच क्षणाच्या स्थितीतील असावेत. सकाळी खातेदार व दुपारी धारणा काढल्यास मधल्या वेळेत नोंदलेला फेरफार अर्धवट येतो.

२. काही गावांच्याच नोंदी काढावयाच्या असल्यास त्या ओळी ज्यांच्याकडे बोट दाखवितात त्या सर्व ओळीही बरोबर घ्याव्यात.

३. दोन ठिकाणच्या नोंदी एकत्र करताना खाते क्रमांक १०१ दोन्हीकडे असू शकतो. जुना क्रमांक व नवा क्रमांक यांचा जोडतक्ता आधी तयार करावा आणि त्यावरून सर्व आश्रित ओळी बदलाव्यात.

४. मधली फाईल स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन करू नये. ४/१ हा हिस्सा तेथे तारीख होऊन बसतो आणि ००७ चा ७ होतो.

५. कन्नड व मराठी नावे युनिकोडमध्येच ठेवावीत.

६. भरणे संपल्यावर पुढील फेरफार क्रमांक सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढून सुरू होतो की नाही, ते पाहावे.

ताळा

जुन्या व नव्या ठिकाणी गाववार ओळी मोजाव्यात. क्षेत्राची बेरीजही जुळवावी. मात्र ४० गुंठ्यांचा एकर हे विसरू नये. २ एकर ३० गुंठे व १ एकर २० गुंठे मिळून ४ एकर १० गुंठे होतात. आधार नसलेल्या ओळी शोधाव्यात. अखेरीस प्रत्येक गावाचे काही उतारे काढून जुन्या उताऱ्यांशी शब्दशः पडताळावेत. हा ताळा जुळेपर्यंत मूळ नोंदी पुसू नयेत.

शिक्षकांसाठी

शाळा, वर्ग, विद्यार्थी, विषय व गुण असे पाच तक्ते मुलांकडून कागदावर करून घ्यावेत. वर्ग शाळेवर, विद्यार्थी वर्गावर, आणि गुण विद्यार्थी व विषय या दोहोंवर अवलंबून आहेत. वरील रीतीने भरण्याचा क्रम काढण्यास सांगावे. त्यानंतर वर्गाच्या तक्त्यात 'वर्गप्रमुख विद्यार्थी' हा रकाना जोडून आकडेमोड कोठे अडते व ती कशी सोडवावी, हे मुलांस विचारावे.